मानसोपचारात प्रश्नावली वापरताना

क्लायंटच्या प्रगतीचे मोजमाप करावे की नाही, यावर मानसोपचाराच्या क्षेत्रात जुना वाद आहे. माणसाचे दुःख आकड्यांत मावत नाही, हा आक्षेप खराच आहे. पण केवळ स्वतःच्या अंदाजावर विसंबणेही धोक्याचे आहे. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचारकांनी 550 क्लायंटपैकी अवघ्या 3 जणांची स्थिती बिघडेल असे वर्तवले होते, प्रत्यक्षात ती 40 जणांची बिघडली. म्हणून मोजावे, मात्र त्या आकड्याचे पुढे काय करायचे हे आधी ठरवूनच.

प्रश्नावली छोटी निवडावी. नैराश्यासाठी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली पुरते: गेल्या दोन आठवड्यांविषयी 9 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3 गुण, एकूण 27; गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. ही परीक्षा नव्हे आणि उत्तरे कोण कोण पाहणार आहे, हे पहिल्याच वेळी स्पष्ट सांगावे. मूळ अडचण शोकाची किंवा नात्यांतल्या ताणाची असेल, तर लक्षणांची यादी अपुरी पडते; तेव्हा क्लायंटनेच आपल्या शब्दांत एक-दोन अडचणी लिहून दर वेळी त्यांची तीव्रता नोंदवावी.

खरे काम बेरजेनंतर सुरू होते. समजा, गुण 12 वरून 18 वर गेले. वाढ 5 किंवा त्याहून अधिक असेल तर ती सहसा दखलपात्र मानतात, एक-दोन गुणांचा चढउतार मात्र नेहमीचाच. अशा वेळी कागद फाईलमध्ये न सरकवता तो दोघांच्या मध्ये ठेवावा आणि विचारावे, “झोपेच्या प्रश्नापुढे या वेळी तुम्ही 3 लिहिलेत, रात्री कशा जात आहेत?” दडपलेले दुःख वर येत असेल, किंवा आपली उपचाराची दिशाच चुकत असेल, हे आकडा सांगत नाही, क्लायंट सांगतो. नववा प्रश्न मृत्यूच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही असले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच सत्रात त्याविषयी थेट बोललेच पाहिजे.

या गुणांवरून उपचारकांची क्रमवारी लावण्यास मात्र माझा ठाम विरोध आहे. तसे झाले की गुंतागुंतीच्या क्लायंटना टाळण्याचा मोह होतो, आणि उपचारकाला वाईट वाटू नये म्हणून क्लायंटही उत्तरे सौम्य करू लागतो. शिवाय माणूस बहुधा सर्वांत वाईट दिवसांतच मदतीला येतो, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांतली थोडी घट उपचाराविनाही झाली असती. तिचे सारे श्रेय कोणाच्याही नावावर जमा करू नये.