जिप्सीच्या ॲक्सलचे सुटे भाग कसे निवडावेत

ॲक्सलमधून चाक फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट. दुकानात जाऊन नुसतं "जिप्सीचा मागचा शाफ्ट द्या" म्हणालात, तर चुकीचा माल हाती पडण्याची पुरेपूर शक्यता आहे. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी, जुलै १९९३ ची वाइड ट्रॅक एमजी ४१०डब्ल्यू आणि १९९६ ची किंग म्हणजे एमजी ४१३डब्ल्यू, या वेगवेगळ्या गाड्या आहेत. वाइड ट्रॅकमध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) ९० मिमीने वाढला, त्यामुळे आधीच्या गाडीचा शाफ्ट तिला चालत नाही. त्यात जुन्या गाड्यांचे अख्खे ॲक्सल बदललेले असतात. म्हणून आरसी बुकावरच्या मॉडेलवर विसंबू नका. गाडीखाली आज जे आहे ते मोजा.

सुरुवात गिअर रेशोपासून करा, म्हणजे दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला ताकद आणणाऱ्या दांड्याचे) किती फेरे होतात ते. डिफ (ॲक्सलच्या मधला, दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा गोळा) न उघडताही तो कळतो. तीन चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा, मागचं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) टू-हायमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं जोडलेली. उचललेल्या चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. चाकाचे बरोबर २० फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे चाकाच्या दोन फेऱ्यांना शाफ्टचे फेरे रेशोइतके होतात. ४१ च्या थोडं वर आले तर ४.११ (डिफमधल्या मोठ्या गिअरचे म्हणजे क्राउनचे ३७ दात, त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनचे ९). ३७ च्या थोडं वर आले तर ३.७३ (४१ आणि ११). जिप्सीच्याच घराण्यातल्या सुझुकीच्या एसजे ४१० मध्ये पहिला आणि एसजे ४१३ मध्ये दुसरा रेशो होता, त्यामुळे जुन्या बाजारात दोन्ही भेटतात. पुढच्या ॲक्सलचीही अशीच खात्री करा. पुढे-मागे वेगळे रेशो ठेवून फोर व्हील टाकलं की दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध पीळ भरतात आणि त्यात ट्रान्सफर नाहीतर जॉइंट जातो.

टायर मोठे केले असतील तर हीच वेळ रेशोचा विचार करण्याची. २०५/७० आर १५ चा व्यास साधारण ६६९ मिमी, २३५/७५ आर १५ चा ७३४. म्हणजे जवळजवळ १० टक्के वाढ. ३.७३ ची गाडी त्या टायरवर ३.४० असल्यासारखी ओढते, ४.११ टाकलं की पूर्वीच्या जवळ येते. मात्र क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या. दोन्हींवर जुळणारा क्रमांक कोरलेला असतो. सुटा पिनियन स्वस्तात मिळाला म्हणून बसवलात, तर आवाज पहिल्या दिवसापासून येणार.

आता शाफ्ट. जुना काढून चार मापं लिहून घ्या: फ्लँजच्या (शाफ्टच्या टोकाची, चाक बसतं ती चकती) तोंडापासून टोकापर्यंत लांबी, स्प्लाइनची (शाफ्टच्या आतल्या टोकावरच्या लांबट दातांची) संख्या, बेअरिंग बसतं तिथला व्यास (व्हर्निअरने), आणि फ्लँजच्या बोल्टांमधलं अंतर. डावा आणि उजवा वेगवेगळा मोजा, लांबी सारखी असेल असं धरून चालू नका. एसजे ४१० च्या शाफ्टला २२ स्प्लाइन, ४१३ च्या शाफ्टला २६. स्प्लाइन मोजताना एकीवर मार्करने रेघ मारा, नाहीतर एखादी हमखास चुकते. साइड गिअर (शाफ्टचं टोक शिरतं तो डिफमधला गिअर) आणि शाफ्ट एकाच संख्येचे हवेत.

वापरलेला शाफ्ट घेताना स्प्लाइनवर स्टीलची पट्टी लांबीच्या दिशेने टेकवा. दात पट्टीपासून तिरके पळत असतील तर शाफ्ट पिळलेला आहे, तो तिथेच ठेवा. सील घासतं त्या जागी नख फिरवा. नख अडकलं तर नवं सीलही गळेल. शेवटी लेथवर दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावा, वाकडा असेल तर लगेच दिसतो. तुटलेला शाफ्ट वेल्ड करून देणारे भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं हार्डनिंग जातं आणि तो त्याच्या शेजारीच पुन्हा तुटतो.

मागचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग आहे, म्हणजे चाकाचं वजन शाफ्टवरच येतं. शाफ्ट फ्लँजजवळ तुटला तर चाक ड्रमसकट बाहेर येऊ शकतं. त्यामुळे मागे पैसे वाचवू नका: चांगला शाफ्ट, नवं बेअरिंग, नवं सील आणि नवी रिटेनर रिंग (बेअरिंगला शाफ्टवर जागेवर धरणारी घट्ट कडी). जुनी रिंग ग्राइंडरने अर्धी कापून छिन्नीने फोडावी लागते, पण कापताना शाफ्टला चरा पडता कामा नये. फुटलेली रिंग तर जातेच, पण काढलेली शाबूत रिंगही परत वापरू नका, तिची पकड गेलेली असते.

पुढच्या ॲक्सलला हिशेब उलटा आहे. तिथे चाक स्पिंडलवर, म्हणजे वेगळ्या स्थिर खुंटावर असतं. जॉइंट (चाक वळलं तरी ताकद पोचवणारा शाफ्टचा सांधा) किंवा शाफ्ट तुटला तर लॉकिंग हब (चाक शाफ्टला जोडणारी-सोडणारी कळ) फ्री करून, टू-व्हीलवर घरी येता येतं. फक्त नकलमध्ये (पुढचं चाक वळवणाऱ्या पोकळ गाठीत) तुकडे अडकून स्टिअरिंग जाम होत नाही ना, हे आधी बघा आणि शंका असेल तर तुकडे काढूनच निघा. म्हणून पुढे ओरिजिनल जातीचा जॉइंट ठेवावा आणि एक सोबत बाळगावा, असं आमचं मत. महागडे मजबूत शाफ्ट टाकलेत की ताण त्यानंतरच्या कमजोर भागावर, म्हणजे क्राउन-पिनियनवर जातो, आणि ते काम वाटेत होत नाही.

जॉइंट नवा घेताना सोबत नकलचं मोठं सील, किंगपिन बेअरिंगचा (नकल ज्यावर वळते त्या बेअरिंगचा) संच, शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) आणि आतलं ॲक्सल सील एकदमच घ्या. नकल उघडल्यावर ग्रीस पातळ, काळं आणि गिअर ऑइलच्या वासाचं निघालं, तर आतलं सील गेलेलं आहे. नवं बसवताना शाफ्ट सरळ धरून ढकला, स्प्लाइन सीलच्या ओठाला लागली की तो चिरतो. जॉइंटला मॉलिब्डेनमचं ग्रीस, डिफला जीएल-५ चं गिअर ऑइल.

नवं सील थोड्याच दिवसांत पुन्हा गळू लागलं तर दुकानदाराशी भांडण्याआधी हाऊसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा ये-जा करते ते तोंड) काढून फुंकून बघा. चिखलाने तो बुजला असेल तर गरम हवेचा दाब सीलवर येतो. आणि तापलेला ॲक्सल ओढ्यात उतरला की थंड होऊन सीलमधून पाणी ओढतो, मग ऑइल दुधाळ होतं.