पॉवर ब्रेक काढून मॅन्युअल ब्रेक बसवताना
१९६७ ते १९६९ च्या शेव्हरोले कॅमारो मोटारीमध्ये रेसिंगचा कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवल्यावर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालते तेव्हा, इंजिनाचा व्हॅक्यूम घटतो आणि त्या व्हॅक्यूमवर चालून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर निकामी ठरू लागतो, म्हणून अनेक जण तो काढून टाकतात. मात्र केवळ बूस्टर काढून जुनाच मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग) फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, बसवला, तर पेडल दगडासारखे कडक लागते. खरी मेख पेडलच्या गुणोत्तरात, म्हणजे पेडल पायाचा जोर किती पट करते त्यात, आहे. पॉवर ब्रेकसाठी ते साधारण ४:१, तर मॅन्युअलसाठी ६:१ च्या आसपास असावे लागते. त्यासाठी पुशरॉड (पेडलचा जोर मास्टर सिलिंडरपर्यंत नेणारा दांडा) पेडलवरील वरच्या, म्हणजे बिजागरीजवळच्या छिद्रात जोडावा. मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) १ १/८ इंचाऐवजी १ इंच घेतल्यास तेवढ्याच जोरात सुमारे २७ टक्के अधिक दाब मिळतो, अर्थात पेडल त्याच प्रमाणात अधिक खाली जाते. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमधील खाच खोल असल्याची खात्री करावी, कारण उथळ खाचेतून पुशरॉड निसटला तर ब्रेकच उरत नाही. माझ्या मते ही तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डवरील, बूस्टर काढल्याने उघडे पडलेले व्हॅक्यूमचे तोंड बंद करावे. पुशरॉडला किंचित मोकळीक ठेवावी, अन्यथा पाय काढल्यावरही ब्रेक घासत राहतात.