प्रबंधात एआय वापरताय? या चुका टाळा

मी फोंड्यात प्रबंधांचं मुद्रितशोधन करतो. पूर्वी पानापानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडायच्या. हल्ली शुद्धलेखन बरं असतं, पण चुका आत, मजकुराच्या पोटात शिरल्यात. त्या काढायला दुप्पट वेळ जातो.

सगळ्यात जास्त ताप संदर्भसूचीचा. चॅटजीपीटीसारखं साधन पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधत लिहितं. त्यामुळे ‘धालोवर (गोव्यातल्या बायकांच्या लोकगीत-नृत्यावर) पाच मराठी संदर्भ दे’ म्हटलं की संदर्भासारखं दिसणारं काहीतरी हमखास मिळतं: ओळखीच्या अभ्यासकाचं नाव, पटेलसं शीर्षक, पुण्याचा प्रकाशक, साल. पुस्तक मात्र कधी छापलंच गेलेलं नसतं. आता साधनं इंटरनेटवर शोधून दुवेही देतात, पण दुवा उघडला की ते विधान त्या पानावर असेलच याची खात्री नाही. इलाज जुनाच आहे. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन पुस्तक हातात घ्या, प्रबंध असेल तर शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात पाहा, लेखाचा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून बघा. सापडलं नाही तर नोंद काढा आणि त्या नोंदीवर उभा असलेला परिच्छेदही काढा. बरेच जण नोंद तेवढी काढतात, परिच्छेद ठेवतात आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरचा परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो.

दुसरी चूक आपल्याकडची, खास गोव्याची. एका प्रकरणात धालोच्या मांडावर युरोपीय नृत्यसंगीताचा प्रभाव पडल्याचं वाचलं आणि हातातला चहा निवला. मांड म्हणजे धालो खेळायची पवित्र जागा. मांडो हा गोव्याच्या ख्रिस्ती समाजात घडलेला गीत-नृत्यप्रकार. यंत्राने दोन्ही एकत्र कालवले होते आणि भाषा इतकी गुळगुळीत की लिहिणाऱ्याला संशयही आला नाही. ती मुलगी सत्तरी तालुक्यातली, मांडावर वाढलेली! स्वतः लिहिलं असतं तर ही चूक तिच्या हातून झालीच नसती.

आकड्यांचंही तसंच. ‘१९५१च्या भारतीय जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या’ असं वाक्य दिसलं की थांबा. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. त्याआधीची १९५० आणि १९६०ची शिरगणती पोर्तुगीज प्रशासनाची. १९७१ आणि १९८१चे आकडे घेताना ते एकट्या गोव्याचे की दमण-दीव धरून, हेही पाहावं लागतं, कारण ३० मे १९८७पर्यंत हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. यंत्र हे आपणहून सांगेलच असं नाही.

आता टक्केवारी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६०ला वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६०च्या वर नोंदणीच रद्द. या धाकाने मुलं अख्खं प्रकरण एआयला ‘वेगळ्या शब्दांत लिही’ म्हणून देतात. मग ‘कोमुनिदादचे गांवकार’, म्हणजे गावची जमीन सामायिक धरणाऱ्या संस्थेचे वंशपरंपरागत सदस्य, बदलून ‘समुदायाचे ग्रामस्थ’ होतात. टक्का उतरतो आणि जमिनीच्या मालकीचा सगळा मुद्दाच वाहून जातो. वास्तविक श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळायची असते. तेव्हा आधी साम्य-तपासणीचा अहवाल नीट वाचा: साम्य कुठे दिसतंय, अवतरणचिन्हं राहिलीत का. शब्द फिरवले तरी उचललेला विचार उचललेलाच राहतो.

‘हे एआयने लिहिलं’ असं सांगणाऱ्या तपासण्यांवरही आंधळा भरवसा नको, त्या माणसाच्या लेखनावरही शिक्का मारतात. तुमच्यावर अशी वेळ आली तर कामाला येतात ते जुने मसुदे, टिपणवही, मार्गदर्शकांच्या खुणा असलेली पानं. फाइल एकाच नावाने पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका, तारीख घालून ठेवा.

मुलाखतींचं लिप्यंतर करताना एक पथ्य: माहिती देणाऱ्या बाईंचं नाव, गाव, फोन नंबर काढल्याशिवाय आणि त्यांची परवानगी असल्याशिवाय काहीही कुठल्या साधनात टाकू नका. त्या तुमच्याशी बोलल्या, कंपनीच्या सर्व्हरशी नव्हे.

मग वापरायचं कशाला? पोर्तुगीज राजपत्राचं छापील पान आपल्या विषयाचं आहे की नाही, एवढं चाचपायला कच्चा अनुवाद उत्तम. तक्ता जुळवायला, लांबलेलं वाक्य कुठे अडतंय ते बघायलाही. फक्त आधी विभागाचा नियम विचारा आणि वापर प्रबंधात नोंदवा: ‘प्रकरण ३मधील पोर्तुगीज उताऱ्यांचा कच्चा अनुवाद अमुक साधनाने, अमुक महिन्यात केला, पोर्तुगीज जाणणाऱ्या व्यक्तीकडून तो मुळाशी ताडून घेतला.’ हे वाक्य मार्गदर्शकांना पहिलं प्रकरण देतानाच दाखवा. प्रबंध बांधणीला गेल्यावर ते घालायला जागा नसते आणि मग रात्री अकराला फोन मला येतात.