तलवार काचेआड ठेवण्यापूर्वी : ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या संग्रहालयांसाठी

शिवजयंती किंवा दसरा जवळ आला की शाळा, सोसायट्या आणि मंडळांना शस्त्रप्रदर्शनाची आठवण होते. हॉल ठरतो, बॅनर छापून येतो, संग्राहकाला फोन जातो आणि पोलिसांना द्यायचं पत्र कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी टाइप होतं. हा क्रम उलटा हवा. आधी फूटपट्टी, मग कागद, मग काच. बॅनर सगळ्यात शेवटी. कायमचं छोटं संग्रहालय असो की दोन दिवसांचं प्रदर्शन, नियम बहुतांशी तेच आहेत.

आधी मोजमाप

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ ही मूळ जोडी. बोलताना आपण याला हत्यार कायदा म्हणतो. नियमांच्या पहिल्या अनुसूचीतला पाचवा प्रवर्ग बंदुकीशिवायच्या शस्त्रांचा आहे. त्यात तलवार, गुप्ती (काठीत लपवलेलं पातं), खंजीर, संगीन, भाला, लढाईची कुऱ्हाड, कृपाण आणि कुकरी धरून सगळे सुरे येतात. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद, ही त्यातली मोजपट्टी. घरकाम, शेती, विज्ञान वा कारखान्यासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत.

वाचताना त्यातला ‘किंवा’ निसटतो. कट्यारीचं पातं बऱ्याचदा ७-८ इंचांचंच असतं, म्हणून ती यादीबाहेर टाकली जाते. पण मुठीजवळ तिची रुंदी २ इंचांच्या पुढे गेली असेल तर ती आत आली. कुकरीच्या पोटाचंही तेच. म्हणून प्रत्येक वस्तूची दोन मापं घ्या. लांबी परजेच्या (मुठीच्या आडव्या संरक्षक भागाच्या) कडेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत घ्या. वाकड्या तलवारीची पाठीवरून मोजलेली लांबी वेगळ्या रकान्यात लिहा. रुंदी सगळ्यात रुंद जागी, कॅलिपरने. म्यानासकट मोजलेली लांबी निरुपयोगी, तरी जुन्या याद्यांत हटकून तीच सापडते.

गुप्तीबद्दल सावध राहा. घरातल्या जुन्या काठ्यांच्या ढिगात ती निघते आणि ‘आजोबांची काठी’ म्हणून मांडली जाते. कायद्यात तिचं नाव घेऊन उल्लेख आहे.

आगरी-कोळी जीवनावरच्या दालनात कोयता, विळा, मोरळी ठेवायला हरकत नाही. ती शेतीची आणि घरची अवजारं आहेत. पण तोच कोयता ढाल-तलवारीच्या रांगेत लावून खाली ‘शस्त्र’ अशी पाटी लावली, तर आपणच त्याची ओळख बदलली. अवजारांची भिंत वेगळी ठेवा.

‘जुनं आहे, चालतं’ हे अर्धसत्य

अधिनियमातलं कलम ४५ काही गोष्टींना सूट देतं आणि संग्राहक त्यातला एकच तुकडा ऐकवतात : पुराणवस्तूला कायदा लागू नाही. कलमात कालबाह्य, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्राचा उल्लेख आहे खरा, पण त्याला जोडलेली अट बंदुकीची आहे. दुरुस्त करून वा न करता, ते बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशी ती अट. ठासणीच्या बंदुकीसाठी हे वाक्य महत्त्वाचं. धारदार तलवारीसाठी फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. पोलिसांच्या परवाना शाखेकडून लेखी उत्तर घ्या, ते फ्रेम केलं नाही तरी चालेल, पण फाइलला लावा.

धारदार शस्त्रांना परवान्याची अट कलम ४ मधून येते आणि ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात लागू होते. आपल्याकडच्या बातम्यांत ‘हत्यार कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१), १३५’ ही ओळ दिसते ती याच कारणाने. यातलं कलम ३७(१) मोजपट्टी विचारत नाही. पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक काळासाठी तलवारी, भाले, सुरे, लाठ्या, तसंच इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरायला मनाई करू शकतात. अरुंद बिचवा (छोटा वाकडा खंजीर) आणि वाघनखं पाचव्या प्रवर्गाच्या मापातून सुटली, तरी मनाई आदेशातून सुटत नाहीत. सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात असे आदेश वारंवार निघतात. म्हणजे नेमके आपल्या प्रदर्शनाच्या दिवसांत. आदेशाची प्रत मिळवा, तारखा पाहा, सूट कोणाला आहे ते वाचा.

प्रतिकृतीलाही आपोआप सूट मिळत नाही. फक्त खेळणं म्हणूनच वापरता येईल आणि चालू शस्त्रात बदलता येणार नाही अशीच वस्तू व्याख्येबाहेर आहे. लाकूड किंवा फायबरची तलवार ठीक. पोलादी पात्याची, नुसती धार न लावलेली तलवार कानशीवर तासाभरात बदलते. ती खऱ्याच्या यादीत धरा. दाराशी ‘आठवण म्हणून’ तलवारी विकणारा स्टॉल तर नकोच. विक्री आणि विक्रीसाठी मांडणं हा कलम ५ चा स्वतंत्र विषय आहे, प्रदर्शनाच्या परवानगीत तो येत नाही.

वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ सुद्धा लक्षात ठेवा. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. परदेशातल्या भाच्याला कट्यार भेट द्यायचा बेत असलेले काका प्रत्येक संग्रहाच्या आसपास असतात; त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

अर्ज कुठे, आणि गाडी कुठून

इथे हद्द चुकते. ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर ठाणे पोलीस आयुक्तालयात. ऐरोली-दिघा जिल्ह्याने ठाण्यात असले तरी पोलीस नवी मुंबईचे. पनवेल, खारघर, कामोठे जिल्ह्याने रायगडात, पण आयुक्तालय नवी मुंबईच. मिरा-भाईंदर २०२० पासून वेगळ्या आयुक्तालयात आहे. शहापूर-मुरबाड ठाणे ग्रामीणमध्ये. तिथे परवान्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा. महापालिकेच्या नावावरून पोलीस हद्द ठरवली की अर्ज आठवडाभर फिरून परत येतो.

अर्ज परवाना शाखेला, प्रत स्थानिक पोलीस ठाण्याला, दोन्हीकडे पोच घ्या. किमान तीन आठवडे हाताशी ठेवा. सोबत हे जोडा :
– प्रत्येक वस्तूचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. दोन्ही मापं, वजन, खुणा, क्रमांक
– मालकीचा कागद, किंवा उसनी असल्यास मालकाचं सहीचं पत्र आणि त्याच्याकडच्या परवान्याची प्रत
– हॉलमालकाचं संमतीपत्र आणि नकाशा : कपाटं, दारं, कॅमेरे, रात्रीचा पहारा
– वस्तू हाताळणाऱ्यांची नावं व ओळखपत्रं. चारपेक्षा जास्त नकोत.

उत्तर आलं नाही याचा अर्थ परवानगी मिळाली असा नसतो. पोच ही पोचच असते.

वाहतुकीत हद्दीचा प्रश्न पुन्हा येतो. ठाण्याहून वाशीला मुलुंड-ऐरोली पुलावरून गेलात तर मध्ये मुंबई पोलिसांची हद्द लागते, म्हणजे तिसरं आयुक्तालय. कळवा-विटावा-दिघा असं ठाणे-बेलापूर रस्त्याने गेलात तर दोनच. वेळ थोडा जास्त गेला तरी चालेल, परवानगीत मार्ग लिहा आणि त्याच मार्गाने जा. शस्त्रं म्यानात, म्यान कापडात, कापड कुलूपबंद पेटीत, पेटी डिकीत. यादीची आणि परवानगीची प्रत गाडीत पुढे. लोकल, रिक्षा, कुरिअर यांचा विचारही नको. मिरवणुकीतून वाजतगाजत नेणं म्हणजे मनाई आदेश असताना सरळ गुन्हा.

काच, कुलूप, आधार

‘टफन्ड काच लावलीय’ हे ऐकलं की काळजी वाटायला हवी. टफन्ड काच धडकेला चांगली, पण टोकदार घाव बसला की एका क्षणात तिचे दाणे होतात आणि हात थेट मुठीवर जातो. हवी लॅमिनेटेड : ५ मिमीच्या दोन काचा आणि मध्ये १.५२ मिमीचा पीव्हीबी, म्हणजे चिवट प्लास्टिकचा थर. ती तडकते पण चौकटीत धरून राहते, चोराला मिनिटं घालवावी लागतात. संग्रहालयाला हवी असतात ती हीच मिनिटं, म्हणून कंपनाचा अलार्म काचेलाच लावा, दाराला नाही.

सरकत्या काचेला लावायचं दातेरी शोकेस-कुलूप दागिन्यांच्या दुकानात ठीक, कारण तिथे माणूस समोर बसलेला असतो. इथे काच वर उचलून खाचेतून काढता येते, कुलूप तसंच लटकत राहतं. फर्निचरच्या स्वस्त कुलपांची तर एकच किल्ली बऱ्याचदा पूर्ण लॉटला लागते. दुकानात दोन कुलपं घेऊन अदलाबदल करून पाहा. बिजागरीचं दार, दोन वेगळ्या किल्ल्यांची दोन कुलपं, किल्ल्या दोन माणसांकडे. बिजागरीचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर कुलपावरचा खर्च वाया गेला.

तलवारीचं वजन साधारण किलोभर, पण भार मुठीकडे. आडवी ठेवताना दोन आधार द्या : एक परजेजवळ, दुसरा टोकापासून तिसऱ्या हिश्शावर. पितळी सळईचे आकडे, त्यावर पॉलिथिन फोम, आकड्याला वरून छोटी पट्टी आणि ती खास अवजाराशिवाय न निघणाऱ्या स्क्रूने बसवलेली. मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यावर तलवार टांगू नका. दोरा ताणत जातो आणि धारेवर घासून एके रात्री तुटतो. टोक कधीही प्रेक्षकाकडे नको. दांडपट्ट्याला पूर्ण लांबीभर आधार द्या, त्याचं लवचिक पातं स्वतःच्या वजनाने झुकतं.

खाडीची हवा

चोरीपेक्षा गंज जास्त शस्त्रं खातो. प्लायवूड आणि एमडीएफच्या बंद कपाटात आम्ल वाफा साठतात, त्यात जूनपासूनची दमट हवा. आतून पावडर कोटिंग केलेलं धातूचं कपाट घ्या. सिलिका जेलच्या चार पुड्या टाकणं हा विनोद आहे. संवर्धनातला जुना हिशेब घनमीटरला २० किलोचा. ४ × १.५ × १ फुटांच्या कपाटाला साधारण ३.४ किलो लागतं. रंग बदलला की ११० अंशांच्या आसपास भट्टीत सुकवून परत वापरा. लोखंडासाठी आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली हवी आणि कपाटाला रबरी गॅस्केट नसेल तर ती पावसाळ्यात मिळणार नाही.

चामड्याच्या म्यानात तलवार वर्षभर ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि नेमकं न दिसणारं पातं खातं. दोन्ही शेजारी मांडा, पाहणाऱ्यालाही तेच बरं. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे. सुती मोजे तेलकट मुठीवरून घसरतात. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर यांपैकी काहीही नको. पात्यावरचं जौहर (पोलादातली लाटांसारखी नक्षी) आणि मुठीवरचं सोन्याचं काम एका दुपारी निघून जातं, परत येत नाही. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर पुरे. क्रमांक कोरू नका. पॅरलॉइड बी-७२ या काढता येणाऱ्या पारदर्शक रेझिनच्या थरावर शाईने, मुठीच्या आतल्या बाजूला लिहा.

पाटीवर काय

मोघम गौरव टाळा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०२४ मध्ये साताऱ्यात आलेल्या वाघनखांबद्दलही ती अफजलखानावर वापरलेलीच आहेत असा दावा केला नाही. मग आपल्या धोपेखाली (सरळ पात्याच्या मराठा तलवारीखाली) ‘पेशव्यांची तलवार’ लिहिण्याआधी कागद हवा. प्रकार, धातू, अंदाजे काळ, माप, कुठून मिळाली, एवढं पुरे. किंमत आणि मालकाचा पत्ता पाटीवर कधीच नको.

सेल्फीसाठी शस्त्र हातात देऊ नका, पाहुणे कितीही मोठे असोत. मर्दानी खेळांचं प्रात्यक्षिक ठेवायचं असेल तर त्याची परवानगी, जागा आणि शस्त्रं वेगळी. कृपाण धारण केलेल्या शीख पाहुण्याला दारात अडवू नका. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात तो हक्क नमूद आहे.

रोज उघडताना आणि बंद करताना मोजणी, दोन सह्या. वस्तू कमी भरली तर शोधाशोधीत रात्र घालवू नका, त्याच तासाला पोलीस ठाण्यात फोटो आणि मापांसह तक्रार द्या. पाच दिवसांनी दिलेल्या तक्रारीत पहिला संशय तुमच्यावर येतो. प्रदर्शन संपल्यावर मांडव उतरवणारी मुलं आत येण्याआधी शस्त्रं पेटीत जायला हवीत, आणि मालकाची परतीची सही पेटी उघडून, एकेक पातं म्यानातून काढून दाखवूनच घ्या. रिकामं म्यान परत गेल्याचं घरी पोचल्यावर कळतं.