अडचणीत आणि कमीपणात देवाचा हेतू कसा शोधायचा

पहिलं म्हणजे लगेच शोधायला बसू नका. नोकरी गेली, पाय मोडला, आपण हाताला धरून काम शिकवलेला पोरगा आपलाच बॉस झाला, की दुसऱ्या दिवशी कोणीतरी हमखास येऊन सांगतं, "यात देवाचं काहीतरी चांगलंच असणार बघ", आणि आपण हो हो म्हणतो पण आतून उशी फेकून मारावीशी वाटते. वाटू दे. आधी देवाशी नीट भांडून घ्या, दार लावून, तोंडाने बोलून. जनाबाईने भर अभंगात विठ्ठलाला अरे विठ्या म्हणून शिव्या घातल्यात. नामदेवांच्या घरची दासी होती ती, दळण-कांडण करणारी, आणि तो रुसून निघून गेला नाही, उलट शेजारी दळायला बसला असं तीच सांगते.

राग जरा ओसरला की एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे खरी अडचण लिहायची, उजवीकडे फक्त लाज. हे वाटतं तितकं सोपं नाहीये, कारण आपण लाजच अडचण म्हणून लिहून मोकळे होतो. माझा घोटा मोडला आणि सहा आठवडे प्लास्टर होतं तेव्हा मी असा कागद केला. डावीकडे आलं: चालता येत नाही, दुखतं, पायऱ्या चढता येत नाहीत. उजवीकडे एकच ओळ होती, पण ती सगळ्यात जड निघाली: आंघोळीला जाऊबाई लागतात.

आमचं तीन वर्षं धड बोलणं नव्हतं. वाटण्यांवरून झालेलं, तपशील सोडा. घरात दुसरं कोणी नसायचं म्हणून त्याच यायच्या, प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी चढवायच्या, वर दोन रबरबँड आणि वरून एक नाडी, आणि ती नाडी इतकी घट्ट बांधायच्या की मला वाटायचं मुद्दाम करतायत. मी स्टुलावर बसलेली, पाय बाहेर बादलीवर ठेवलेला, आणि ज्या बाईला मी चहासुद्धा विचारत नव्हते ती माझ्या पाठीवर पाणी ओततेय. पहिले आठ दिवस "गरम आहे का", "बास" एवढंच. नवव्या दिवशी पिशवी फाटली, पाणी आत गेलं आणि दोघी एकदम ओरडलो आणि मग हसायलाच लागलो.

आता देवाने माझा घोटा यासाठीच मोडला का? मला नाही वाटत, घोटा मी मोबाईल बघत पायऱ्या उतरल्याने मोडला. पण मोडल्यावर त्या बाथरूममध्ये जे झालं त्यात देव नव्हता असंही मला म्हणता येणार नाही. म्हणून हेतू शोधताना "हे का घडलं" हा प्रश्न बाजूला ठेवा, त्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही. "आता हे घडलंच आहे तर माझ्या हाताच्या अंतरावर कोण आणून ठेवलंय" हे विचारा, त्याचं उत्तर साधारण आठवड्याभरात दिसायला लागतं.

बायबलमधला नामान आठवतो का? अरामचा सेनापती, अंगावर कोड. त्याला उपाय कळला तो बायकोच्या सेवेत असलेल्या, युद्धात पकडून आणलेल्या एका मुलीकडून. एवढ्या लवाजम्यानिशी अलीशा या संदेष्ट्याच्या दारात गेला तर अलीशा बाहेरसुद्धा आला नाही, निरोप पाठवला की यार्देन नदीत ७ वेळा बुडी मार. हा भडकला, आमच्या दमास्कसच्या नद्या काय वाईट आहेत म्हणाला. शेवटी नोकरांनीच समजूत काढली की मोठं काही सांगितलं असतं तर केलं असतंत ना, मग एवढं साधं का नाही. मला या गोष्टीत बरं झालेल्या कातडीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं की त्याला वाट दाखवणारे सगळे त्याच्यापेक्षा खालचे होते, आणि पडती बाजू आल्याशिवाय त्याने त्यांचं ऐकलंच नसतं. तर या दिवसांत आपल्याला कोण सांगतंय ते ऐका, विशेषतः ज्यांचं एरवी ऐकत नाही त्यांचं.

मदत घेताना लगेच परतफेड करायची घाई करू नका. आपण पटकन काहीतरी देऊन टाकतो ना, त्यात उपकारापेक्षा "मी कोणाचं ठेवत नाही" हा तोरा असतो. थँक्यू म्हणा आणि गप्प बसा, महिनाभर तरी.

तारीख टाकून रोज दोन ओळी लिहा. काय झालं एवढंच, अर्थ लावू नका. तुकाराम महाराजांचं १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात दिवाळं निघालं, बायको गेली, आणि त्यांनी देवाला सांगितलं की दिवाळं निघालं ते बरंच झालं. हे आपण फार पटकन सांगतो पण ते बोलणं त्यांचं स्वतःचं होतं आणि भोगून झाल्यावरचं होतं, दुष्काळात उपाशी बसलेल्या शेजाऱ्याला त्यांनी ऐकवलेलं नव्हतं. बायबलमधल्या योसेफचंही तेच. १७व्या वर्षी भावांनी विकला आणि फारोसमोर, म्हणजे मिसरच्या राजासमोर, उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा होता. मधे तुरुंगात ज्याला मदत केली तो राजाला पेला देणारा नोकर सुटल्यावर त्याला साफ विसरला, पुढची दोन वर्षं. तेव्हा कोणी योसेफला हेतू विचारला असता तर त्याने काय सांगितलं असतं? तो तुरुंगातली कामं बघत होता, दुसऱ्या कैद्यांना आज तोंड का उतरलंय म्हणून विचारत होता. आपणही तेवढंच करायचं, समोरचं काम आणि समोरचा माणूस. वही तीन-चार महिन्यांनी उघडा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. कोणी मारतंय, छळतंय, पगार बुडवतंय, तर ती नम्रता शिकायची शाळा नाही, तिथून बाहेर पडा, तक्रार करा, लोकांना सांगा. आजार असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टर हवाच. आणि हे सगळं स्वतःपुरतं वापरायचं, दुसऱ्याच्या दुःखाचा हेतू आपण सांगायला जायचं नाही.

माझं प्लास्टर निघालं त्या दिवशी जाऊबाईंनी ती नाडी धुऊन वाळत घातली. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "असू दे, तुझा काय भरवसा."