रोजचं बायबलवाचन वर्षभर टिकवायचं कसं

बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर दिवसाला सव्वातीन. एक जानेवारीला हा हिशेब सोपा वाटतो. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे ५० अध्याय भराभर होतात, निर्गम या दुसऱ्याचा पूर्वार्धही ओढून नेतो. मग साधारण तेविसाव्या दिवशी निर्गम २५ उघडतो: निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची मापं, फळ्या, पडदे, कड्या. त्यातून बाहेर पडावं तर समोर लेवीय, म्हणजे नियमांचं पुस्तक. पुष्कळांचं वाचन इथेच बंद पडतं, आणि मग आपलाच विश्वास कच्चा असं वाटून मन खट्टू होतं. खरं तर पहिल्याच दिवशी झेपणार नाही एवढं ओझं उचललेलं असतं.

नव्याने सुरुवात करत असाल तर पंधरा मिनिटं आणि एक अध्याय, एवढंच ठरवा. मार्ककृत शुभवर्तमान घ्या, सोळा दिवसांत होतं. पुढे लूक २४ दिवस, प्रेषितांची कृत्ये २८. हे ६८ दिवस पार पडले की मगच जुन्या कराराला, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागाला हात घाला, आणि सोबत रोज एक स्तोत्र ठेवा. लेवीयपर्यंत पोहोचाल तेव्हा १६वा अध्याय आणि इब्री लोकांस पत्राचा ९वा अध्याय एकाच बैठकीत वाचा. प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक बळीचं रक्त घेऊन निवासमंडपातल्या पडद्याआड का जात होता आणि ख्रिस्ताने काय केलं, हे तेव्हा लख्ख उलगडतं.

‘सकाळी वाचेन’ ही वेळ नव्हे. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला वाचन बांधून टाका: चहाचं आधण ठेवण्याआधी, किंवा अंघोळ झाल्या झाल्या. प्रभू येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला हे खरं, पण संदेष्टा दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता. रात्रपाळी करणाऱ्याने घरी येऊन, हातपाय धुऊन बसावं. वेळ कोणतीही चालेल, ती रोज बदलू नये. आणि शक्यतो छापील बायबल घ्या. फोनवर वाचायला गेलं की वरून एक मेसेज सरकतो आणि अध्याय तिथेच राहतो.

पंधरा मिनिटांतली पहिली दोन नुसती शांत बसा. मग अध्याय हळू आवाजात वाचा. ओठ हलले की मन कमी भटकतं. नंतर वहीत तारीख, वचनाचा क्रमांक आणि स्वतःचं एक वाक्य लिहा. समजा, मार्क ४:३८ (चौथा अध्याय, ३८वं वचन) आहे. वादळात मचव्यात पाणी भरतंय, प्रभू उशी घेऊन झोपलाय, आणि शिष्य त्याला उठवून विचारतात, आम्ही बुडतोय याची तुला काळजी नाही का? खाली लिहा: ‘बाबांच्या ऑपरेशनची मला भीती वाटते.’ उरलेली चार-पाच मिनिटं याच वाक्याची प्रार्थना करा. पाठ झालेल्या शब्दांत गुंडाळू नका, आहे तसं सांगा.

खंड पडणारच. तीन दिवस राहिले तर रविवारी तेवढे अध्याय भरून काढायला बसू नका. नजर ओळींवरून फिरते, आत काही उतरत नाही, आणि सोमवारी बायबल उघडायचाच कंटाळा येतो. राहिलेलं सोडा, आजचं वाचा. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते हे विलापगीत या पुस्तकाने उद्ध्वस्त यरुशलेमेकडे पाहत म्हटलंय. चुकलेल्या दिवसाने त्याचं प्रेम घटत नाही, वाचलेल्या दिवसाने तारण कमावलं जात नाही. मग खटाटोप कशाला? प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला सुभक्तीची कसरत करायला सांगितलं, आणि कसरत कधीमधी करून अंगी लागत नाही.

काही आठवडे मात्र अगदी कोरडे जातात. वाचन होतं, पण मनाला काही शिवत नाही. अशा वेळी वेळ वाढवू नका, मोडूही नका. अध्यायाऐवजी स्तोत्र १३ घ्या, सहाच वचनं आहेत. दाविद ‘कोठवर?’ असं पुन्हापुन्हा विचारतो आणि शेवटी गाऊ लागतो. गाण्यापर्यंत मन पोहोचत नसेल तर ८८वं स्तोत्र आहे, ते अंधारातच संपतं. तेही प्रार्थना म्हणूनच शास्त्रात ठेवलेलं आहे.

एकट्याने हे फार दिवस निभत नाही. अमालेक या शत्रू टोळीशी लढाई चालू असताना मोशेचे वर धरलेले हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवून दोन्ही बाजूंनी हात धरले, सूर्य मावळेपर्यंत. मंडळीतला, म्हणजे आपल्या चर्चमधला असा एक माणूस शोधा. रात्री त्याला फक्त वचनाचा क्रमांक पाठवायचा. दोन दिवस क्रमांक आला नाही तर त्याने फोन करावा, आणि ‘का वाचलं नाहीस’ असं न विचारता ‘बरा आहेस ना’ म्हणावं. घरात कुटुंबप्रार्थना होत असेल तर जेवणानंतर दहा मिनिटं पुरेत. वाचन मुलांकडे द्या. अडखळली तरी मध्ये दुरुस्त करू नका, अध्याय संपू द्या.