दानपेटीच्या पुढचा तास : कॅथलिक शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

कॅथलिक शाळेत नवीन शिक्षक रुजू झाला की लवकरच त्याच्याकडे एखादं ‘सामाजिक’ काम सोपवलं जातं. ईस्टरच्या आधीच्या प्रायश्चित्तकाळातला मदतनिधी, जुन्या कपड्यांचं संकलन, वृद्धाश्रमाची भेट, नाहीतर पोप फ्रान्सिस यांनी २०१७ पासून सुरू केलेल्या गरिबांच्या जागतिक दिनाचा कार्यक्रम. काम नीट पार पडतं, फोटो निघतात, अहवाल लिहिला जातो आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो. मी बरीच वर्षं अशा शाळेत इतिहास आणि मूल्यशिक्षण शिकवते आहे. नव्या सहकाऱ्यांना मी सगळ्यांत आधी हेच सांगते की मुलांची सामाजिक सदसद्विवेकबुद्धी घडते ती कार्यक्रमाच्या आधीच्या तयारीत आणि नंतरच्या तासाला, जेव्हा वर्गातलं कुणीतरी विचारतं, “पण हे असं का आहे?” हा तास वेळापत्रकात छापलेला नसतो. तो मिळवावा लागतो, कधी मुख्याध्यापकांकडून मागून, कधी स्वतःच्या विषयातून काढून.

मुलांशी या विषयावर बोलायला कुठून सुरुवात करावी, असं मला विचारलं तर मी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय सांगेन. शेवटच्या न्यायाचा प्रसंग: भुकेलेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगात पडलेला, यांना मदत करणारे राजाच्या उजवीकडे, न करणारे डावीकडे, आणि राजा म्हणतो, की यांच्यासाठी केलं ते माझ्यासाठी केलं. हा उतारा कॅथलिक मुलांनी अनेकदा ऐकलेला असतो, त्यामुळे तो कानावरून जातो. मी त्यांना एवढंच विचारते, की डावीकडच्या लोकांचा गुन्हा कोणता? मुलं शोधतात. चोरी नाही, मारहाण नाही, फसवणूक नाही. त्यांनी काहीच केलेलं नाही, आणि तोच त्यांचा गुन्हा आहे. वर ते खऱ्या आश्चर्याने विचारतात, की आम्ही तुला कधी पाहिलं? आपण कुणाचं वाईट केलं नाही म्हणजे आपण चांगले, हा हिशेब इथे चालत नाही हे लक्षात आल्यावर मोठ्या वर्गातली मुलं खरोखर अस्वस्थ होतात. ती अस्वस्थता लगेच शमवू नका.

पाहायला शिकवायचं कसं, यासाठी चर्चच्या परंपरेत एक चांगली रीत तयार आहे. बेल्जियममधले धर्मगुरू जोसेफ कार्डाइन कारखान्यांत राबणाऱ्या तरुण मुलामुलींमध्ये काम करत. १९२५ मध्ये त्यांनी तरुण ख्रिस्ती कामगारांची संघटना उभी केली. त्यांची रीत तीन शब्दांची: पाहा, पारखा, कृती करा. पुढे १९६१ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात ती स्वीकारली. नवे शिक्षक बहुतेक वेळा तिसऱ्या शब्दापासून सुरुवात करतात, कारण कृती दिसते आणि अहवालात लिहिता येते. माझा आग्रह आहे की पहिल्या शब्दावर निदान आठवडाभर तरी थांबावं.

वर्गात मी हे कसं करते ते सांगते. आठवी-नववीच्या मुलांना मी विचारते, “आपण शाळेत येण्याआधी इथे कोण येऊन गेलेलं असतं?” वर्ग झाडणाऱ्या बाई, स्वच्छतागृहं धुणारे कामगार, पहारेकरी. मुलांनी त्यांच्या परवानगीने त्यांच्याशी बोलायचं. किती वाजता घरून निघता? दुपारी कुठे बसता? आजारी पडलात तर त्या दिवसाचा पगार मिळतो का? रोज ज्यांच्या बाजूने आपण धावत जातो त्यांचं नावही ठाऊक नव्हतं, हे मुलांना इथे कळतं. मग येतं पारखणं. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक लिहिलं. कामगार मजुरीला कबूल झाला म्हणून ती मजुरी न्याय्य ठरत नाही, काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा चरितार्थ तरी तीत भागला पाहिजे, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्यामागचा इतिहास, म्हणजे औद्योगिक क्रांतीनंतरचे कामाचे तास, बालमजुरी, कामगार संघटना, हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात असतंच. ते आणि समोरच्या बाईंचं उत्तर एकमेकांशेजारी ठेवलं की मुलं स्वतःच बोलू लागतात.

कृती काय करायची हे मुलांनी ठरवायचं. एका वर्गाने शाळा सुटताना बाकं एका बाजूला सरकवून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे झाडणाऱ्यांना वाकून ओढावी लागत नाहीत. दुसऱ्या वर्गाने कामगारांना दुपारी बसायला स्वतंत्र जागा मिळावी म्हणून व्यवस्थापनाला पत्र लिहिलं. पण हा उपक्रम घ्यायचा तर आधी मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोलून घ्या, कारण प्रश्न शाळेच्याच दारात येऊन थांबतात. कंत्राटावर घेतलेल्या कामगाराला नेमकं किती मिळतं, हे चौदा वर्षांचं मूल विचारणारच. श्रमाच्या प्रतिष्ठेवर प्रार्थनासभेत बोलणारी शाळा स्वतःच्या कामगारांना कसं वागवते, याचा धडा मुलं रोज डोळ्यांनी वाचत असतात, आणि त्यापुढे आपलं शिकवणं टिकत नाही. म्हणून मला हा उपक्रम बाहेरच्या कुठल्याही भेटीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

बाहेरच्या भेटीही हव्यातच, फक्त त्या नीट आखायला हव्यात. संस्थेला आधी विचारा, की आमच्या येण्याचा तुम्हाला काही उपयोग आहे का, आणि कोणत्या वेळी त्रास होणार नाही. दरवर्षी नवी संस्था शोधण्यापेक्षा एकाच ठिकाणी वर्षभर पुन्हा पुन्हा जा, लहान गटाने जा. कॅमेरा शाळेत ठेवून जा. पहिल्या भेटीला काही वाटायला नेऊ नका. हातात पिशवी असली की मूल पिशवी देऊन मोकळं होतं आणि संभाषण राहून जातं. परत आल्यावर कुणाशीही न बोलता काही मिनिटं लिहायला लावा. कुणाचं नाव लक्षात राहिलं? काय ऐकलं जे अपेक्षित नव्हतं? राग कशाचा आला? माझ्या एका विद्यार्थ्याने वृद्धाश्रमाहून आल्यावर लिहिलं होतं, की आजोबांनी माझ्याकडे काहीच मागितलं नाही, उलट मला भूमितीचं एक प्रमेय समजावलं. दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात विचारलं, की आयुष्यभर काम केलेल्या माणसाला निवृत्तिवेतन का नसतं? तिथून पुढचे कितीतरी तास आम्ही असंघटित कामगार म्हणजे कोण, सामाजिक सुरक्षा कुणाला मिळते, ते ठरवतं कोण, यावर बोललो. गणिताच्या सहकाऱ्यांनी निवृत्तिवेतनाचं गणित करून दाखवलं. मला अभिप्रेत असलेला तास तो हाच.

एका बाबतीत मात्र मी तडजोड करत नाही. वर्गावर्गांत निधी गोळा करण्याची स्पर्धा लावू नका, आणि कुणी किती दिलं याची यादी फळ्यावर लिहू नका. तुमच्याच वर्गात असं मूल बसलेलं असतं ज्याची फी दुसरं कुणी भरतं, ज्याच्या घरी या महिन्यात पगार आलेला नाही. ‘आपण’ म्हणजे देणारे आणि ‘ते’ म्हणजे घेणारे, असं तुम्ही सहज बोलून गेलात की ते मूल कोणत्या बाजूला जाऊन उभं राहील? ज्याला आपली गरिबी लपवावी लागते त्याला सामाजिक जाणिवेचा पाठ मिळत नाही, लाज मिळते. निधी जमवायचा असेल तर बंद पाकिटात, नावाशिवाय. पैशांऐवजी वेळ देण्याचा पर्यायही असावा, आणि तो दुय्यम समजला जाऊ नये.

दान आणि न्याय यांतला फरक मुलांना समजावताना मी फ्रेदरिक ओझानाम याची गोष्ट सांगते, कारण तो त्यांच्यापेक्षा फार मोठा नव्हता. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये शिकत असताना, वयाच्या विसाव्या वर्षी त्याने मित्रांबरोबर एक छोटा गट सुरू केला. तुमचं चर्च आज गरिबांसाठी काय करतं, असं वादसभेत त्यांना हिणवून विचारलं गेलं होतं. या मुलांना गरिबांच्या घरांची वाट दाखवली ती सिस्टर रोझाली राँद्यू यांनी. त्याच गटातून गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. गोष्ट इथे संपवली तर ती दानशूर तरुणांची गोष्ट होते. पण ओझानाम घरोघरी जात राहिला आणि त्याच वेळी मजुरी न्याय्य कशी ठरवावी, श्रीमंत-गरीब ही दरी कशाने रुंदावते, यावर बोलत आणि लिहीत राहिला. जिना चढून घरात गेल्यावर त्याला जे दिसलं त्यातून त्याचे प्रश्न आले. आधी भेट, मग प्रश्न, आणि प्रश्न पडल्यावरही भेट थांबली नाही. मोठ्या वर्गातल्या हुशार मुलांना कधीकधी व्यवस्थेवर भाषण करायला आवडतं, पण शेजारच्या आजारी मुलाला वह्या पोहोचवायला वेळ नसतो. त्यांच्यासाठी ही गोष्ट विशेष उपयोगी पडते.

हे सगळं ऐच्छिक, जादाचं काम आहे असं कुणी म्हणालं तर १९७१ आणि १९७३ ही दोन वर्षं लक्षात ठेवा. १९७१ च्या सिनॉडने, म्हणजे बिशपांच्या सभेने, न्यायासाठी केलेली कृती ही शुभवर्तमानाच्या घोषणेचा अंगभूत भाग असल्याचं म्हटलं. मग १९७३ मध्ये येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट धर्मसंघाचे, तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे व्हॅलेन्सियाला जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे उभे राहिले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच केला आणि प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असंच दिलं. शाळांनी इतरांसाठी जगणारी माणसं घडवावीत, ही त्यांची मागणी होती. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना ते झोंबलं. पण त्यानंतर जगभरच्या जेझुइट शाळांचा विचार त्या भाषणाला वळसा घालून पुढे जाऊ शकलेला नाही. तुमची शाळा चालवणारा धर्मसंघ वेगळा असेल, सलेशियन, लासालियन किंवा भगिनींचा एखादा संघ. त्या संघाच्या संस्थापकाने शाळा मुळात कुणासाठी काढली हे शोधून काढा. बहुतेक वेळा उत्तर ‘ज्यांना शाळा नव्हती त्यांच्यासाठी’ असं निघतं, आणि व्यवस्थापनाशी बोलताना ते फार कामी येतं.

पालकांकडून दोन हरकती हमखास येतात. अभ्यास बुडतो, ही पहिली. तिला उत्तर सोपं आहे, कारण मुलाखत घेणं, आकडे वाचणं, मुद्देसूद लिहिणं हा अभ्यासच आहे. दुसरी हरकत, शाळेत राजकारण नको. इथे मी पालकांशी अर्धी सहमत असते. मुलांना कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधू नये, शिक्षकाने आपलं मत वर्गावर लादू नये, आणि वादग्रस्त प्रश्नावर दोन्ही बाजूंचं उत्तम म्हणणं मुलांपुढे यावं. पण पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हा प्रश्न राजकारण म्हणून बाजूला ठेवायचा असेल तर बायबलमधला, गरिबांवरच्या अन्यायाविरुद्ध बोलणारा आमोस संदेष्टाही वाचता येणार नाही, आणि सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढणाऱ्या देवाचं गाणं म्हणणारी येशूची आई मरियाही. पालकसभेत मी हे शांतपणे वाचून दाखवते. बहुतेक पालक समजून घेतात. काही घेत नाहीत, आणि त्यांच्याशी बोलत राहावं लागतं.

वर्गात वेगवेगळ्या धर्मांची, किंवा कोणताच धर्म न मानणारी मुलं असतील तर अडचण येईल असं नव्या शिक्षकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. माणसाची प्रतिष्ठा, सर्वांचं हित, दुर्बलांना अग्रक्रम या कल्पनांवर बोलायला कुणालाही श्रद्धा बदलावी लागत नाही. १९६३ चं ‘पाचेम इन तेर्रिस’ हे परिपत्रक सर्व सदिच्छा असलेल्या माणसांना उद्देशून आहे, आणि २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकामध्ये पोप फ्रान्सिस या ग्रहावरच्या प्रत्येकाशी बोलू इच्छितात. मुलांना आपापल्या परंपरेतलं या विषयावरचं वचन आणायला सांगा. सेवेच्या नावाखाली धर्मप्रसार होत नाही ना, याकडे तुम्हीच डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या.

गुण द्यायचे का? सेवेच्या तासांची नोंद आणि प्रमाणपत्र ठेवलं की मुलं तास भरतात, कधी खोटेही भरतात. माझ्या मते करुणेला गुण नसावेत. मुलाने माहिती कशी मिळवली, कारणं किती खोलवर तपासली, समोरच्याचं म्हणणं किती नीट ऐकून लिहिलं, याला जरूर द्यावेत. आणि अकरावी-बारावीच्या मुलांमध्ये एक हताशपणा येतो, ‘आपल्याने काय होणार’ असा. तो आला की विषय लहान करा: एक पत्र, एक अधिकारी, एक उत्तर मिळेपर्यंतचा पाठपुरावा. नगरपालिकेकडून आलेलं साधं लेखी उत्तर वर्गात वाचलं जातं तेव्हा मुलांचे चेहरे बदलतात.

पहिल्या सत्रात फार काही हाती घेऊ नका. एक वर्ग, एक प्रश्न, शाळेच्या आवारातलाच. स्वतःच्या वाचनासाठी २००४ मध्ये निघालेला चर्चच्या सामाजिक शिकवणुकीचा सारसंग्रह ग्रंथालयात आहे का बघा. तो जड वाटला तर तरुणांसाठी प्रश्नोत्तर रूपात केलेलं ‘डोकॅट’ हे २०१६ चं पुस्तक मुलांबरोबरच वाचता येईल. शाळेत असा विचार करणारा आणखी एक सहकारी शोधा, विषय कोणताही असो. आणि येत्या निधीसंकलनाची तारीख कळली की त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जाऊन त्यानंतरचा एक तास वेळापत्रकात लिहून घ्या.